डब्यातलं व्हेज सँडविच ओलं पडतं, त्यावर उपाय

सकाळी सातला भरलेलं सँडविच मधल्या सुट्टीत उघडलं की खालची स्लाइस डब्याला चिकटलेली असते, वरच्या स्लाइसवर बिटाचा गुलाबी डाग उमटलेला असतो आणि पहिल्याच घासाला टोमॅटो मागच्या बाजूने सटकतो. ब्रेड बदलला, चटणी कमी केली, टोस्ट करून दिलं, तरी दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लगदा. शेवटी मूल म्हणतं, मला पोळी-भाजीच दे. इतक्या चांगल्या पदार्थावर अशी वेळ यावी याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इथे सगळं मुंबईच्या व्हेज सँडविचबद्दल आहे: पांढरा ब्रेड, बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि वरून मसाला. चर्चगेट असो, पार्ल्याच्या कॉलेजांबाहेरची गाडी असो किंवा डोंबिवली स्टेशनजवळचं स्टॉल, साहित्य जवळपास हेच. तिथे ते ओलं पडत नाही, याचं श्रेय लोक सँडविचवाल्याच्या मसाल्याला, ब्रेडला नाहीतर हाताला देतात. हात असतोच. पण मोठं कारण असं, की त्याच्याकडचं सँडविच दोन-तीन मिनिटांत पोटात जातं. तो काकडी ओलीच लावतो, मसाला थेट टोमॅटोवर भुरभुरतो, चटणी सढळ हाताने फासतो, सहा तुकडे करतो, आणि हे सगळं त्याच्या बाबतीत बरोबरच आहे. पाणी सुटायला जितका वेळ लागतो तितका वेळ त्याचं गिऱ्हाईक देतच नाही.

आपण मात्र तीन-चार तासांनंतरच्या भुकेसाठी करतो. त्याची कृती जशीच्या तशी उचलली तर ती बिघडणारच. चव त्याची घ्यायची आणि रचना आपली करायची, एवढंच काम आहे.

पाणी कुठून येतंय?

उपाय करण्याआधी हे बघा. डबा परत आल्यावर, किंवा सुट्टीच्या दिवशी घरीच एक सँडविच तीन तास बंद डब्यात ठेवून, या जागा तपासा.

झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब आहेत आणि ब्रेड बाहेरून ओला आहे? मग ती वाफ आहे. काहीतरी गरम असताना डबा बंद झाला: टोस्ट, बटाटा, नाहीतर शेजारच्या कप्प्यातली भाजी. भाज्या पुसून काही उपयोग होणार नाही.

ब्रेड बाहेरून कोरडा, पण उघडल्यावर आतली बाजू हिरवी आणि चिकट? चटणी पातळ आहे, किंवा तिच्याखाली बटर नीट लागलेलं नाही. मला दिसतं त्यावरून दहातल्या सहा-सात तक्रारी इथेच संपतात.

आतली बाजू गुलाबी किंवा नुसती पाणचट, आणि डब्याच्या तळाशी थोडं पाणी साचलेलं? टोमॅटो, काकडी, बीट.

आणि चौथा प्रकार, ज्याला लोक चुकून ओलं म्हणतात: पाणी कुठेच नाही, पण ब्रेड मऊ, ढिला, हातात वाकणारा. तो बहुधा त्याच दिवशीचा अगदी ताजा ब्रेड असतो. त्याबद्दल पुढे.

बटर

बटर चवीसाठी आहेच, पण डब्याच्या सँडविचमध्ये त्याचं पहिलं काम पाणी अडवण्याचं आहे. आपल्याकडच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची चरबी असते. ही चरबी ब्रेडच्या छिद्रांवर थर धरते आणि चटणीतलं पाणी आत शिरू देत नाही. थर सलग असला तरच हे होतं. मधोमध एक ठिपका ठेवून तो सुरीने दोनदा फिरवला की कोपरे उघडे राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं. सँडविचवाल्याचा हात पाहा: तो सुरी ब्रेडच्या कडेपर्यंत नेतो, चारही बाजूंना, दोन्ही स्लाइसना. घाईतही तो कोपरा सोडत नाही.

फ्रिजमधून काढलेलं घट्ट बटर लावायला गेलात तर ब्रेड फाटतो आणि थर तुटक लागतो. वितळवून लावलंत तर ते ब्रेडमध्ये मुरतं, वर थर राहतच नाही. बटर मऊ हवं, पातळ नको. मुंबई-कोकणात अर्धा तास बाहेर ठेवलं तरी पुरतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत रात्रीच छोट्या वाटीत काढून ओट्यावर ठेवावं. तूप मी आतून लावत नाही, कारण ते ब्रेडमध्ये लगेच मुरतं. बाहेरून टोस्ट करायला मात्र फार छान. कमी चरबीच्या स्प्रेडमध्ये पाण्याचा वाटा जास्त असतो, त्यामुळे जे अडवायचं तेच आपण लावून बसतो. घरचं ताजं लोणी वापरणार असाल तर ते हाताने दाबून त्यातलं ताकपाणी पुरतं काढा आणि चिमूटभर मीठ मिसळा. चवीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. दुधाची चरबी साधारण ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. नागपूर-अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर असतो, तेव्हा डब्यातलं बटर पातळ होऊन ब्रेडमध्ये उतरतं आणि आडोसा जातो. सकाळी कितीही नीट लावलेलं असो. त्या दोन महिन्यांत ओल्या चटणीचं सँडविच डब्यात देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी काय द्यायचं ते खाली सांगते.

चटणी

भेळेची हिरवी चटणी आणि सँडविचची हिरवी चटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेळेची चटणी ओघळायला हवी, सँडविचची जागेवर बसायला हवी. घरी बहुतेक वेळा एकच चटणी करून दोन्हीकडे वापरली जाते, आणि तिथे गडबड होते.

एका मध्यम जुडीला मी हे प्रमाण धरते: कोवळ्या देठांसकट कोथिंबीर, मूठभरापेक्षा कमी पुदिना, तीन-चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धा चमचा जिरं, अर्ध्या लिंबाचा रस, साधं मीठ आणि थोडं काळं मीठ, चिमूटभर साखर, आणि दोन मोठे चमचे डाळं. हे डाळं म्हणजे चिवड्यात घालतो ते. ते पाणी धरून ठेवतं आणि चटणीला अंग देतं. डाळं नसेल तर शिळ्या ब्रेडची एक स्लाइस वाटणात टाका. गाडीवर पुष्कळ जण हेच करतात. पुदिना वाढवला की चटणीला कडवट झाक येते, म्हणून हात आखडता ठेवायचा.

कोथिंबीर आदल्या संध्याकाळी निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून ठेवा. सकाळी धुतलेली ओली कोथिंबीर मिक्सरमध्ये गेली की पाणी न घालताही चटणी पातळ होते. मिक्सर फिरत नसेल तर पाण्याऐवजी बर्फाचे एक-दोन खडे टाका. मिक्सरच्या पात्याने वाटण तापतं आणि हिरवा रंग मळतो, बर्फाने तो टिकतो. लिंबामुळे कोथिंबीर काळी पडण्याचा वेग कमी होतो. मात्र दोन-तीन दिवसांनी त्याच आंबटपणामुळे रंग शेवाळी होत जातो. चव बिघडलेली नसते, तरी मुलं नाक मुरडतात. म्हणून थोडी थोडी करावी.

घट्टपणा तपासायचा एक साधा मार्ग: चमचाभर चटणी ताटलीत ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. भोवती पाण्याचं कडं उमटलं तर ती डब्याला योग्य नाही. आणखी चमचाभर डाळं वाटून मिसळा, पुन्हा बघा. चटणी नेहमी बटरच्या वर. आधी चटणी आणि त्यावर बटर लावणारीही घरं आहेत, आणि नेमका तिथेच ब्रेड हिरवा होतो.

गोव्यात आणि वांद्र्याच्या कॅथलिक घरांमध्ये वाढदिवसाला खोबऱ्याच्या हिरव्या चटणीची छोटी सँडविचेस करतात, तीही कडा काढून, बटर भरपूर लावून. फार सुरेख चव. आत दुसरं काही नसतं, म्हणून ती ओलीही पडत नाहीत. पण ओलं खोबरं उन्हाळ्यात डब्यात आंबतं. घरी, समोर खायला करा.

मीठ कुठे पडतंय?

या विषयावर लोक बोलत नाहीत, आणि माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे.

टोमॅटो आणि काकडी या दोन्हींमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असतं. ते पेशींमध्ये बंद असतं. चकती कापली की थोड्या पेशी फुटतात, थोडं पाणी येतं, तेवढ्याने फार बिघडत नाही. पण वर मीठ पडलं की ते न फुटलेल्या पेशींमधलंही पाणी बाहेर ओढतं. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तर ती वाढायच्या वेळी कालवतात. सँडविच मसाल्यात काळं मीठ असतं, आमचूर असतो. तो टोमॅटोवर भुरभुरून सँडविच बंद केलं, की कोशिंबीर सकाळी सातला कालवल्यासारखंच झालं.

म्हणून डब्याच्या सँडविचमध्ये मसाला फक्त बटाट्यावर. बटाट्यातलं पाणी शिजताना पिष्टात धरलं गेलेलं असतं, ते मिठाने तसं धावत सुटत नाही. उलट मसाला बटाट्यात मुरतो आणि चव वाढते. टोमॅटो आणि काकडी अगदी अळणी ठेवा. खाताना घासात सगळं एकत्र येतं, कमी वाटत नाही. विश्वास बसत नसेल तर एकदा दोन सँडविचेस करून शेजारी ठेवा, एकात मसाला टोमॅटोवर, दुसऱ्यात बटाट्यावर, आणि तीन तासांनी उघडा.

मसाला घरचा करायचा असेल तर भाजलेलं जिरं, थोडी बडीशेप, काळी मिरी, दालचिनी, एक-दोन लवंगा, आमचूर, काळं मीठ. दालचिनी-लवंग नावापुरती. विकतचा चाट मसालाही चालतो, पण त्यात आंबटपणा पुढे असतो आणि मिरीचा ऊबदार तिखटपणा मागे राहतो.

भाज्यांचं बाकीचं

टोमॅटो लांबट, कडक, भरीव घ्या. गोल, रसरशीत गावठी टोमॅटो सारासाठी उत्तम, इथे नको. चकतीतला बियांचा गर बोटाने काढून टाका. सगळ्यात जास्त पाणी त्या गरात असतं. गर आमटीत टाका, वाया जात नाही. चकती फार पातळही कापू नका. पातळ चकती लवकर गळते आणि दाताखाली लागत नाही.

काकडी दोन प्रकारे हाताळता येते. एकतर चकत्यांना मीठ चोळून दहा मिनिटं चाळणीत ठेवायच्या, मग फडक्यात दाबून कोरड्या करायच्या. काकडी सँडविचवर जीव असलेले इंग्रज हेच करत आले आहेत. पाणी आधीच काढून घेतलं की नंतर सुटायला उरतच नाही. तोटा असा, की करकरीतपणा थोडा जातो. दुसरा मार्ग: मीठ न लावता फक्त पुसून घ्यायच्या आणि वर मीठ येऊ द्यायचं नाही. शाळेच्या सुट्टीपर्यंतच टिकायचं असेल तर मी दुसरा मार्ग घेते, कारण काकडी करकरली नाही तर ती घालायचीच कशाला? दुपारी एकला ऑफिसात खायचं असेल तर पहिला.

बीट सालासकट, शेंडा-देठ न कापता उकडा. कापून उकडलं की रंग पाण्यात उतरतो आणि उरलेला ब्रेडवर. पूर्ण गार झाल्यावर चकत्या करा आणि पुसा. बीट नकोच म्हणणारे पुष्कळ असतात. मला ते हवंच वाटतं. चटणी तिखट, मसाला आंबट-खारट, कांदा उग्र. या सगळ्यांत गोडवा एकट्या बिटाचा असतो. ते काढलं की सँडविच एकसुरी लागतं. डागाची काळजी असेल तर बीट दोन बटाट्यांच्या मध्ये ठेवा.

बटाटे रात्रीच उकडून ठेवा. गार बटाट्याच्या चकत्या सुबक निघतात आणि वाफही राहत नाही. नवा बटाटा जरा चिकट असतो, चकतीला तो बरा. जुना पिठूळ बटाटा सुरीला फुटतो, तो वड्याला ठेवा. जाडी तीन-चार मिलिमीटर. बटाटा कंजूषपणे घालू नका, पुढे कळेल का ते.

कांदा ऐच्छिक. डब्यात चार तास बंद राहिला की त्याचा वास ब्रेडला लागतो, आणि डबा उघडल्यावर वर्गभर जातो. घालायचाच तर एक-दोन पातळ चकत्या. सिमला मिरची पाणी कमी सोडते, तिचा गोडसर करकरीतपणा कांद्याची जागा चांगली घेतो. जैन घरांत बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं घालतात. मुंबईतल्या पुष्कळ गाड्यांवरही ते मिळतं. केळंसुद्धा बटाट्यासारखंच पाणी धरून बसतं, म्हणून डब्यालाही योग्य.

थरांचा क्रम

खालून वर: ब्रेड, बटर, चटणी, बटाटा, मसाला, काकडी, टोमॅटो, बीट, पुन्हा बटाटा, मसाला, बटर लावलेला ब्रेड.

बटाटा दोनदा आहे, आणि तो मुद्दाम. ओल्या भाज्या मधे, आणि ब्रेडच्या आणि त्यांच्यामध्ये दोन्हीकडून बटाटा. जे थोडं पाणी सुटेल ते बटाटा पिऊन घेतो. चटणी एकाच स्लाइसवर लावते, दुसऱ्यावर फक्त बटर. गाडीवर बटाटा बहुतेक एकदाच असतो. एक जास्तीचा थर आल्याने सँडविच जरा भरीव होतं, पण शाळकरी मुलाच्या भुकेला ते बरंच आहे.

ब्रेड आणि टोस्ट

सकाळी बेकरीतून आणलेला ऊन ब्रेड चहाबरोबर खावा. सँडविचला आदल्या दिवशीचा. ताज्या ब्रेडचा गाभा इतका मऊ असतो की बटर लावताना चुरगळतो आणि वजन पडलं की बसतो. एक दिवस गेला की त्याला थोडा ताठपणा येतो. म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला ब्रेडमधलं पिष्ट सर्वांत वेगाने घट्ट होतं, ब्रेड कोरडा, भुगा होणारा होतो. बाहेर ठेवा, किंवा जास्त दिवस टिकवायचा असेल तर फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात बाहेर बुरशी लवकर येते. एका स्लाइसवर ठिपका दिसला तर अख्खा पुडा टाका, कारण बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

ब्राउन ब्रेड घ्यायचा तर पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा. मैदा पहिला असेल तर तपकिरी रंग पाहून फसू नका. कडा गाडीवर कापतात, डब्यासाठी ठेवा. कडेमुळे आतलं सामान बाहेर येत नाही.

टोस्टबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. टोस्ट केलं की ओलं पडणार नाही, असं वाटतं. चिमट्यात, म्हणजे त्या हाताच्या ॲल्युमिनियमच्या टोस्टरमध्ये, गॅसवर भाजलेलं सँडविच आतून वाफेने भरलेलं असतं. कडा दाबून बंद झालेल्या, वाफेला वाट नाही. तेच गरम गरम डब्यात गेलं की दहा मिनिटांत कुरकुरीतपणा गेला. टोस्ट द्यायचंच असेल तर जाळीवर, खालून हवा लागेल असं, पूर्ण गार होऊ द्या. ताटलीत ठेवलंत तर खालची बाजू ओली होते. सकाळी तेवढा वेळ नसतो हे मला माहीत आहे. म्हणून मी डब्याला वेगळं करते: दोन्ही स्लाइस तव्यावर एकाच बाजूने भाजायच्या, गार करायच्या, आणि भाजलेली बाजू आत घेऊन त्यावर बटर-चटणी लावायची. आतली बाजू कोरडी, थोडी कडक झालेली असते, पाणी सहज पीत नाही. बाहेरची मऊ राहते, म्हणून तीन तासांनी चावताना वातड लागत नाही. सगळ्या उपायांत कमी कष्टात जास्त फरक यानेच पडतो.

ज्यांना टोस्टच आवडतो त्यांनी डब्यासाठी मसाला टोस्ट करावा. आत बटाट्याची कोरडी भाजी, मटार, आलं-मिरची-कोथिंबीर, वर पातळ थर चटणी. कच्चा टोमॅटो नाही, काकडी नाही, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

चीज ग्रिल डब्यात देऊ नका. गार झालेलं चीज चिवट होतं आणि त्यात अडकलेला टोमॅटो घसरतो. ते घरी, ग्रिलवरून थेट ताटात.

डबा

हवाबंद डबा आमटीसाठी चांगला, सँडविचसाठी नाही. डब्याच्या तळाशी आणि झाकणाखाली स्वच्छ सुती फडकं घाला, सुटलेली वाफ ते पितं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अनेकदा बजावलं आहे. सँडविच दोनच तुकड्यांत कापा, किंवा कापूच नका. प्रत्येक कापाला टोमॅटो पुन्हा फुटतो, शिवाय कापलेली कड उघडी पडते. सहा तुकडे छान दिसतात, पण ते ताटलीतल्या सँडविचचं सौंदर्य आहे. शेजारच्या कप्प्यात गरम काही नको. केचप आत लावू नका, छोट्या डबीत द्या. तो पाणी आणि साखर दोन्ही घेऊन येतो, आणि चटणीची चव झाकतो. शेव खाण्याआधी वर घालायची, तीही पुडीत वेगळी.

मेयोनीजचं सँडविच उन्हाळ्यात शाळेत पाठवू नये, विशेषतः कच्च्या अंड्याचं घरचं मेयोनीज. उकडलेला बटाटाही उकाड्यात फार तास टिकत नाही. चार तासांपुढे जाणार असेल, बाहेर कडक ऊन असेल, तर बर्फाची पिशवी ठेवा नाहीतर दुसरं काही द्या.

कडक उन्हाळ्यासाठी

वर म्हटलं होतं की विदर्भात एप्रिल-मेमध्ये ओली चटणी नको. तिथल्या घरांत याचं उत्तर आधीपासून आहे: कोरडी चटणी. शेंगदाण्याची लसूण घातलेली तिखट चटणी, सोलापूरच्या शेंगा चटणीसारखी, किंवा सुक्या खोबऱ्या-लसणाची. बटर लावलेल्या ब्रेडवर ती चमचाभर पसरायची, वर मसाला लावलेला बटाटा, आणि बस. कच्ची भाजी एकही नाही. बटर वितळून ब्रेडमध्ये गेलं तरी बिघडत नाही, कारण अडवायला पाणीच नाही. उलट वितळलेलं बटर चटणी पिते आणि ती ब्रेडला धरून बसते. दाण्यांचं तेल, लसणाचा झटका, बटाट्याचा मऊपणा. प्रवासालाही हेच घेऊन जावं. रात्रीच्या बसमध्ये यासारखं खाणं नाही.

आवडीनिवडी

एकाच घरात तीन माणसांना तीन सँडविचेस हवी असतात, आणि तिघंही बरोबर असतात. कुणाला कच्चं, मऊ, चटणीने गच्च हवं. कुणाला कड कुरकुरीत, आतून गरम. कुणाला चीज ताणलं गेल्याशिवाय समाधान नाही. भांडण होतं ते एकच प्रकार सगळ्यांसाठी केल्यामुळे. मला कच्चं आवडतं, कारण त्यात काकडीचा गारवा आणि चटणीचा तिखटपणा वेगवेगळे कळतात. टोस्टमध्ये सगळ्याला एकच उष्ण चव येते. पण टोस्टवाल्यांना नेमकी तीच एकजीव चव हवी असते.

चांगलं कुठलं, हे ठरवायला मी काही गोष्टी बघते. पहिल्या घासात चटणी, बटाटा आणि एखादी करकरीत गोष्ट तिन्ही आल्या पाहिजेत, नुसता ब्रेड नाही. कडेच्या घासालाही सामान पोचलेलं हवं. तोंडात मावेल एवढीच उंची हवी. भरगच्च सँडविच दिसायला थोर, पण खाताना त्याचे थर सुटे होतात. मीठ ब्रेडमध्ये आहे, बटरमध्ये आहे, चटणीत आहे, मसाल्यात आहे, म्हणून शेवटी बेताने. आणि चटणीने डोळ्यांत किंचित पाणी आलं पाहिजे. यातली शेवटची अट लहान मुलांना लागू नाही, त्यांच्यासाठी एक मिरची पुरे.

एवढं करूनही ओलं पडलं तर

तर बहुधा डबा उघडायला पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त लागत आहेत. लोकलने कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांचं असंच होतं: साडेपाचला भरलेलं, एकला उघडलेलं. इतक्या वेळासाठी कच्ची भाजी ब्रेडच्या मध्ये ठेवूच नका. बटर, घट्ट चटणी, मसाला लावलेला बटाटा आणि बीट एवढं सँडविच भरून न्या, सोबत बर्फाची पिशवी. टोमॅटो आणि काकडीच्या चकत्या अळणीच, वेगळ्या छोट्या डबीत, फडक्यात गुंडाळून. जेवायच्या वेळी वरची स्लाइस उचलायची, चकत्या मांडायच्या, चिमूटभर मसाला टाकायचा आणि बंद करायचं. तेव्हा मसाला खुशाल टोमॅटोवर टाका. पुढच्या दोन मिनिटांत ते संपणारच आहे.